बोगद्याचा क्राउन दर राउंडला सपाट सुटतोय? दारू कमी करण्याआधी गेरूचा पट्टा शोधा

बोगद्याच्या कामावरून तक्रार जवळपास नेहमी याच शब्दांत येते (दारू म्हणजे अर्थात स्फोटक): "ड्रॉइंगवर कमान आहे, पण छत सपाट सुटतंय. दारू कमी केली, होल जवळजवळ घेतले, काही फरक नाही." मधले दोन-तीन राउंड (होल मारून, दारू भरून उडवण्याच्या फेऱ्या) बरे जातात, साइटवर हायसं वाटतं, आणि मग पुन्हा तेच. क्राउनमधून, म्हणजे कमानीच्या माथ्यातून, अर्धा-पाऊण मीटर जाडीची फळी सुटून येते. शॉटक्रीट (फवारायचं काँक्रीट) दुप्पट लागतं. सकाळच्या मीटिंगमध्ये ठेकेदाराचा माणूस 'जिओलॉजिकल ओव्हरब्रेक' (दगडाच्या दोषाने आखणीबाहेर सुटलेला भाग) म्हणतो, क्लायंटचा माणूस 'खराब ब्लास्टिंग' म्हणतो, आणि त्या भांडणात फेसचा, म्हणजे खोदाईच्या पुढच्या तोंडाचा, फोटो कोणी नीट पाहत नाही.

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की एकदा सविस्तर लिहून टाकतो. लिहितोय ते दख्खनच्या बेसाल्टपुरतं. घाटातला रस्ता असो, रेल्वे असो किंवा पाण्याचा बोगदा, ड्रिल-ब्लास्टने चाललेलं काम असेल तर उपयोगी पडेल. हिमालयातून बदली होऊन आलेल्या मंडळींनी तर जरूर वाचावं, कारण तिकडची सवय इकडे घात करते.

आधी बोगद्याची आणि लाव्ह्याची चाल समजून घ्या

हिमालयात थर तिरके, उभे, मुरगळलेले असतात. शिअर झोन (चिरडलेल्या दगडाचा पट्टा) आला की दहा-वीस मीटर रिब (पोलादी कमानी) लावत, फोरपोलिंग (छताच्या पुढे आधीच सळया घालणं) करत काढायचे आणि पार व्हायचं. वाईट पट्टा 'ओलांडायचा' असतो. सह्याद्रीत लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे आहेत, एकावर एक घड्या घालून ठेवलेल्या चादरींसारखे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एक थर वाहत येऊन पसरला, थंड झाला, काही काळ उघडा पडला, त्याच्या डोक्यावर माती झाली, आणि त्यावरून पुढचा थर आला. त्या मधल्या मातीचा आज जो विटकरी लाल पट्टा दिसतो तो आपला गेरू. जिऑलॉजिस्टच्या रिपोर्टात त्याला 'रेड बोल' लिहिलेलं असतं. कुठल्याही घाटात रस्त्याच्या कटिंगमध्ये मान वर करून पाहिलंत तर दिसेल: काळा कातळ, मध्येच वीतभर ते पुरुषभर लाल रेघ, पुन्हा काळा कातळ.

आता हिशेब करा. थर आडवा, बोगद्याचा चढ १:१००, उंची ७ मीटर. दोन थरांमधली संपर्क-रेषा क्राउनला लागल्यापासून इन्व्हर्टखाली (बोगद्याच्या तळाखाली) जाईपर्यंत बोगदा ७०० मीटर पुढे गेलेला असतो. कोकण रेल्वेवर सर्वाधिक चढ १:१५० ठेवला होता, तिथे याच उंचीला १,०५० मीटर होतात. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर चढ १:३७ आहे, तिथे जेमतेम २६० मीटर. आधुनिक बोगदा जितका सपाट आणि लांब, तितका हा पट्टा जास्त काळ सोबतीला. इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गाचा बोगदा पावणेआठ किलोमीटरचा आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या मिसिंग लिंकवरचा मोठा बोगदा जवळपास ९ किलोमीटरचा. असल्या लांबीत पट्टा भेटेल का हा प्रश्नच नाही. कुठल्या चेनेजला (किती मीटर अंतरावर) भेटेल एवढंच बघायचं.

म्हणून हा त्रास 'वारंवार' येतो. तो दर राउंडला नव्याने होत नाही. एकच गोष्ट तुमच्यासोबत चालत असते, मीटरला एक सेंटिमीटर या वेगाने खाली सरकत.

दोष दारूचा की दगडाचा? दहा मिनिटांत ओळखा

मकिंग (फुटलेला दगड उचलणं) आणि स्केलिंग (सुटे तुकडे पाडणं) झाल्यावर, पण शॉटक्रीटच्या आधी फेसवर जा. टॉर्च मोठा घ्या. पेरिफेरी होलचे (कडेच्या ओळीतल्या होलचे) अर्धे ठसे मोजा. भिंतीवर पन्हाळीसारखी अर्धगोल खाच राहते ती.

ठसे भिंतींवर छान दिसतात, खांद्यापर्यंत दिसतात, आणि क्राउनमध्ये अचानक गायब होऊन तिथे सपाट, गुळगुळीत पृष्ठभाग असेल, वर लाल किंवा हिरवट लेप असेल, तर ब्लास्टर निर्दोष आहे. छत सांध्यावर सुटलंय.

ठसे कुठेच नाहीत, सगळीकडे ताज्या उभ्याआडव्या भेगा आणि चुरा दिसतोय, तर दारू जास्त आहे. बहुधा पेरिफेरीत नाही, तिच्या आतल्या ओळीत; त्यावर खाली येतो.

ठसे आहेत, पण राउंडच्या शेवटाकडे प्रोफाइल बाहेर फाकत जातं आणि पुढच्या राउंडच्या सुरुवातीला पुन्हा आत येतं, करवतीच्या दातांसारखं, तर लुकआउट जास्त घेतलाय. पेरिफेरी होल थोडं बाहेर झुकवावंच लागतं, नाहीतर पुढच्या राउंडला जंबोचा (ड्रिल मशीनचा) बूम बसणार नाही. जुना हिशेब आहे १० सेंटिमीटर अधिक दर मीटरला ३. म्हणजे ४ मीटरच्या होलला टोकाशी २२ सेंटिमीटर. एका बाजूलाच जास्त दिसत असेल तर तो ऑपरेटर, तो बूम आणि ती शिफ्ट बघा. शिफ्टप्रमाणे ओव्हरब्रेक बदलत असेल तर दगडाला दोष देऊ नका. दगडाला शिफ्ट कळत नाही.

आणखी एक चाचणी कागदावरची आहे. क्यू-व्हॅल्यू (दगडाच्या दर्जाचा आकडा) काढताना जॉइंट सेटचा, म्हणजे किती दिशांचे सांधे आहेत त्याचा, आकडा आणि खरबरीतपणाचा आकडा तुम्ही लिहितच असता. त्यांचा भागाकार, म्हणजे जेएन भागिले जेआर, ६ किंवा त्याहून जास्त आला तर कितीही हळुवार ब्लास्ट करा, ठोकळे सुटणार, असं ही क्यू-पद्धत काढणाऱ्या बार्टन यांनी दाखवलंय. ठाशीव स्तंभाकृती बेसाल्टमध्ये तीन सेट धरले तर जेएन ९. सांधे सरळ आणि गुळगुळीत असतील तर जेआर १. भागाकार ९. तिथे ब्लास्टिंगच्या नावाने पत्र लिहिण्यात अर्थ नाही. उलट ठसठशीत गाठाळ (पोकळ्या खनिजांच्या गाठींनी भरलेल्या) बेसाल्टमध्ये, जिथे तुरळक सांधे सोडले तर काही नाही, तिथे हाच भागाकार १ च्या खाली येतो. तिथे ओव्हरब्रेक झाला तर ब्लास्टरला चहाला बोलवा.

गंमत म्हणजे लोकांचा समज नेमका उलटा असतो. काळाभोर, घणाखाली खणखणणारा ठाशीव पाषाण म्हणजे उत्तम, आणि पांढऱ्या-हिरव्या गाठींनी भरलेला म्हणजे हलका. प्रयोगशाळेत ते खरंही ठरतं. ताज्या ठाशीव बेसाल्टची दाबशक्ती १०० मेगापास्कलच्या सहज वर जाते आणि गाठाळ त्याच्या बराच खाली राहतो. पण बोगद्याचं छत हे प्रयोगशाळेतल्या ठोकळ्याचं बनलेलं नसतं. ठाशीव थर थंड होताना आक्रसून तडकलेला असतो, गाठाळ सहसा तेवढा नसतो. छत म्हणून मला विचाराल तर मी गाठाळ घेईन.

वर काय आहे ते आधीच कसं कळेल

लोक म्हणतात, प्रोब ड्रिलिंगला (पुढचा दगड चाचपायला होल मारण्याला) वेळ नाही. बरं. मग निदान जे ड्रिलिंग करताच आहात त्याची नोंद तरी ठेवा.

क्राउनमध्ये तुम्ही रोज ३-४ मीटरची रॉकबोल्टची भोकं मारता. ती फुकटची प्रोब होल्स आहेत. प्रत्येक राउंडला मधल्या एका भोकाची फक्त तीन निरीक्षणं लिहून घ्या: फ्लशिंगच्या (भोकातला चुरा धुऊन आणणाऱ्या) पाण्याचा रंग कुठे बदलला, ड्रिलचा वेग कुठे अचानक वाढला, पाणी कुठे परत यायचं थांबलं. करडं पाणी तांबूस झालं की वर गेरू आहे असं धरून चाला. हे सगळ्यात आधी कोणाला कळतं? जंबोच्या ऑपरेटरला. एका साइटवर आम्ही पंधरवडाभर डोकं खाजवत होतो, आणि ऑपरेटर शांतपणे म्हणाला, "साहेब, मागच्या शुक्रवारपासून वरच्या होलला हळदी-कुंकवाचं पाणी येतंय, कोणी विचारलं नाही म्हणून बोललो नाही." तेव्हापासून मी आधी त्याच्याकडे जातो आणि मग लॉगशीटकडे.

या नोंदी लांबीच्या छेदावर मांडा. समजा चेनेज ४२० ला पट्टा क्राउनच्या वर ३.४ मीटरवर होता, ४४५ ला ३.१, ४७० ला २.९. पन्नास मीटरमध्ये अर्धा मीटर, म्हणजे मीटरला एक सेंटिमीटर. ही रेघ पुढे ओढली तर ७६० च्या आसपास पट्टा क्राउनला टेकेल. रेघेवर आंधळा विश्वास नको, कारण लाव्ह्याच्या थराचा माथा परातीसारखा सपाट नसतो, खालीवर लाटा असतात. मी तीस-चाळीस मीटरच्या पुढे तिच्यावर विसंबत नाही. पण 'अचानक गेरू लागला' हे वाक्य डायरीतून कायमचं जातं.

शंका दाट असेल तर एक वर झुकलेलं होल मारा. १५ अंश, २० मीटर लांब; टोक क्राउनच्या ५ मीटर वर पोचतं. थर इतक्या हळू सरकतो की वीस-पंचवीस मीटरला असं एक होल पुरेसं आहे. रॉड जोडायला लागणारा वेळ तुमच्या एका मोठ्या फॉलच्या मानाने काहीच नाही.

आणखी एक खूण फेसवर मिळते. चढावर ड्राइव्ह चालू असेल तर तुम्ही खालच्या थराच्या माथ्याकडे जात असता. गाठी वाढत जातात, मोठ्या होतात, खडकात लालसर झाक येते, कधी तुकड्यातुकड्यांचा, सिमेंटने जोडल्यासारखा ब्रेक्शिया लागतो. उतारावर ड्राइव्ह असेल तर उलट क्रम: वरच्या थराच्या तळाकडे तुम्ही उतरत जाता, काळ्या ठाशीव दगडात उभ्या नळ्यांसारख्या बारीक गाठी दिसू लागतात. त्या दिसल्या की तळ जवळ आला, खाली गेरू असण्याची शक्यता धरा.

(गाठींवरून आठवलं. मोठ्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट आणि त्याच्यासोबतच्या खनिजांचे स्फटिक सापडतात, शुभ्र, गुलाबी, कधी अॅपोफिलाइटचा सुंदर हिरवा. पुण्याच्या वाघोलीतलं निळं कॅव्हनसाइट तर जगभरच्या संग्राहकांकडे आहे. स्केलिंग न झालेल्या क्राउनखाली स्फटिक काढायला उभं राहणारे लोक मी पाहिलेत. तो मोह आवरा.)

उपाय: पट्टा कुठे आहे त्यावर ठरतो

*पट्टा क्राउनच्या वर, अजून दिसत नाही.* सगळ्यात धोक्याची अवस्था हीच, आणि सगळ्यात कमी लक्ष यावेळीच असतं, कारण फेस उत्तम दिसतो. दगडाचा क्लास (दर्जा) चांगला लागलेला असतो, सपोर्ट कमी असतो. वर मात्र दगडाची फळी पातळ होत चाललेली असते आणि तिच्या डोक्यावर गेरू. फळीला वरून धरून ठेवणारं काही नाही. पट्टा २ मीटरवर असताना सुरुवात धरली तर १:१०० चढाला तो क्राउनला टेकेपर्यंत २०० मीटर बोगदा अशा पातळ फळीखाली जातो.

माझा ठोकताळा असा आहे. फळी २ ते अडीच मीटरपेक्षा जाड असेल तर नेहमीचं पॅटर्न बोल्टिंग (ठराविक अंतराने बोल्ट). अर्धा ते दोन मीटर असेल तर बोल्ट गेरूच्या पार, वरच्या थरात रुतला पाहिजे. अर्ध्या मीटरपेक्षा पातळ असेल तर ती राहणार नाही. ती आपल्या मर्जीने, ब्लास्टमध्येच उतरवून घ्या. गेरूही काढा आणि वरच्या थराच्या तळालाच छत माना. रात्री माणसं खाली असताना ती तिच्या मर्जीने उतरण्यापेक्षा ते बरं. हे डिझायनरला विचारून, लेखी घेऊन करा. ओव्हरब्रेक आणि ठरवून केलेलं जादा खोदकाम यांचे पैसे वेगळ्या रकान्यात जातात.

बोल्टच्या लांबीत सगळेच चुकतात. एक मीटर फळी म्हणजे चौरस मीटरला साधारण २.८ टन. वर ६० सेंटिमीटर गेरू, त्याचा सव्वा टन धरा. एकूण ४ टन. दीड मीटर अंतराने बोल्ट असतील तर एका बोल्टच्या वाट्याला सव्वादोन चौरस मीटर, म्हणजे ९ टन. २५ मि.मी.च्या एफई-५०० सळईची शक्ती २४-२५ टन आहे, म्हणजे सळईची काळजी नाही. काळजी तिच्या मुठीची. ३ मीटरचा बोल्ट, फळी २ मीटर, गेरू ८० सेंटिमीटर: वरच्या पक्क्या थरात फक्त २० सेंटिमीटर उरले. तो बोल्ट गेरूत लटकवलेली खुंटी आहे. पुल-आउट टेस्ट पास होईलही, कारण खालच्या फळीतला ग्राउट ताण घेतो, आणि आपण खूश होतो. लांबीचा हिशेब साधा ठेवा: फळी अधिक गेरू अधिक किमान दीड मीटर.

गेरूतून जाणाऱ्या भोकात रेझिन कॅप्सूलवर भरवसा ठेवू नका. भोक तिथे रुंदावतं, चिखलाने माखतं, रेझिन नीट मिसळतच नाही. सिमेंट ग्राउट वापरा. भोक ढासळत असेल तर सेल्फ-ड्रिलिंग अँकर. आणि तेवढ्या पट्ट्यात फ्लशिंगचं पाणी कमी करा.

*पट्टा फेसच्या वरच्या भागात दिसतोय.* सपाट छताची तक्रार नेमकी इथली. कमानीचा माथा वरच्या थरात आणि खांदे खालच्या थरात. मधला गेरू ब्लास्टने उडतो, आणि वरच्या थराचे खालून सुटे असलेले उभे स्तंभ एकेक करून गळतात. अशा वेळी फेसला एकच क्यू-व्हॅल्यू देऊन मोकळं होणं ही फसवणूक आहे. वरचा थर, पट्टा, खालचा थर, तीन वेगळ्या नोंदी करा, आणि सपोर्ट सरासरीवर न ठरवता छतात जे आहे त्यावर ठरवा.

ड्रिलिंगमध्ये पथ्य एवढंच: पेरिफेरीचं होल गेरूत पडू देऊ नका. तिथे दारू भरली तर वायू मऊ पट्ट्यातून निसटतो, दगड फुटत नाही, आणि पट्टा मात्र खोलवर उकरला जातो. होल १५-२० सेंटिमीटर वर किंवा खाली सरकवून दगडात घ्या. गेरूतलं होल टाळता येत नसेल तर ते रिकामं सोडा.

उघडा पडलेला गेरू वाळला की कडक वाटतो, बोटाने कोरता येत नाही. पाणी लागू दे, तासाभरात भिजल्या बिस्किटासारखा गळतो. त्यामुळे शॉटक्रीटआधी धुवायची जी शिस्त आहे ती पट्ट्यापुरती मोडा. हवेने झाडा, पाण्याचा जेट मारू नका. मग ताबडतोब, बाकीच्या फेसची वाट न बघता, पट्ट्यावर पहिला हात द्या. हिरव्या चिकट लेपावर शॉटक्रीट चिकटत नाही, तिथे जाळी बोल्टला पक्की बांधून मग मारा.

*पट्टा भिंतीत.* छताची कटकट संपते. पण भिंतीतली माती खचून वरचा दगड अधांतरी राहू शकतो. पट्टा खोदून थोडा आत घ्या आणि शॉटक्रीटने भरून टाका. एवढंच.

दारूचा दोष निघाला तर

भूगर्भाला दोष देता देता खरा ब्लास्टिंगचा दोष लपवणारेही पाहिलेत, म्हणून हेही लिहायला हवं.

४५ मि.मी.च्या होलला स्मूथ ब्लास्टिंगची दारू मीटरला साधारण १८० ग्रॅम पुरते. होलचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, ९० ने गुणा, म्हणजे किलो प्रति मीटर मिळतात. आता तेच होल ४० मि.मी.च्या इमल्शन कांड्यांनी सलग भरलं तर मीटरला १,४०० ग्रॅमच्या वर जातं. आठपट. पेरिफेरीत हे कोणी करत नाही. तिथे २५ मि.मी.च्या बारीक कांड्या डिटोनेटिंग कॉर्डला अंतराने बांधल्या जातात, २० सेंटिमीटरची कांडी ६० सेंटिमीटरला एक, असं काही. होलमधलं अंतर ६०-७० सेंटिमीटर, बर्डन (होलपासून मोकळ्या बाजूपर्यंतचं अंतर) त्याहून थोडा जास्त.

चूक होते ती आतल्या ओळीत. पेरिफेरी नाजूक, आणि तिच्यापासून ८०-९० सेंटिमीटरवरची ओळ तोंडापर्यंत भरलेली. तिने केलेल्या भेगा मीटरभर जातात, म्हणजे पेरिफेरीची ओळ उडण्याआधीच तिच्यामागचा दगड खिळखिळा झालेला असतो. ठसे दिसत नसतील तर पेरिफेरीची दारू आणखी घटवण्याआधी ही ओळ अर्ध्यावर आणून बघा. माझ्या अनुभवात हा एक बदल बाकी सगळ्या बदलांपेक्षा जास्त काम करतो.

दुसरं, पेरिफेरीची सगळी होल्स एकदम उडायला हवीत. नॉनेलच्या (नळीने उडणाऱ्या डिटोनेटरच्या) शेवटच्या, लांब डिलेमध्ये एकाच नंबरचे डिटोनेटर मागेपुढे उडतात. मग प्रत्येक होल एकटं फुटतं, शेजारच्याशी सरळ भेग जोडण्याऐवजी मागच्या दगडात घुसतं. क्राउनची होल्स डिटोनेटिंग कॉर्डने एकत्र बांधा, किंवा परवडत असेल तर पेरिफेरीपुरते इलेक्ट्रॉनिक वापरा.

थर बदलला की पुलही (एका राउंडला निघणारी लांबी) बदलतो, आणि त्याचा गोंधळ या प्रश्नात मिसळतो. ठाशीव दगडात ३.८ मीटर निघत होतं, गाठाळात शिरल्यावर ३.२ आणि फेसवर हातभर सॉकेट (होलचं न फुटलेलं टोक). लोक म्हणतात, दगड मऊ झाला तरी पुल कमी कसा? कारण सांधे नाहीत. आधी दारूला तयार तडे मिळत होते, आता सगळं तिलाच फोडायचंय. इथे सरसकट दारू वाढवली तर पेरिफेरी बिघडते. कट (सगळ्यात आधी उडणारी मधली होल्स) सुधारा. १०२ मि.मी.चं एकच रिकामं होल असेल तर चांगल्या पुलाची मर्यादा ३.२ मीटरच्या आसपास. दोन रिकामी होल्स घेतली की ती ४.२ पर्यंत जाते. मात्र कटची होल्स समांतर हवीत. टोकाला दोन होल्स एकमेकांत घुसली तर हिशेब गेला. आणि सॉकेटमध्ये पुन्हा कधीही ड्रिल लावू नका. हे नियमात आहे आणि तो नियम का झाला हे ज्यांनी पाहिलंय ते सांगत बसत नाहीत.

पाणी

गेरू पाणी आत सोडत नाही. त्याच्यावरच्या तडकलेल्या थरात पाणी साठतं आणि पट्ट्यावरून आडवं चालत येतं. म्हणून बोगद्यात गळती छतभर नसते, एका रेघेत असते. ती रेघ म्हणजे संपर्क. जिथे उभी डाइक (भेगेत गोठलेल्या लाव्ह्याची भिंत) कापून जाते तिथे ती रेघ नळासारखी सुटते. कोकणाच्या बाजूला, किनाऱ्याला साधारण समांतर जाणाऱ्या डाइक बऱ्याच आहेत, आणि त्यांच्या दोन्ही कडांचा दगड चांगलाच तडकलेला असतो. डाइकची खूण सोपी आहे: स्तंभ उभे असायचे ते आडवे दिसतात, लाकडाची मोळी रचल्यासारखे.

पट्ट्याच्या किंचित वर, वरच्या थरात ३ मीटरची ड्रेन होल्स मारा, शॉटक्रीटच्या आधी पाइप घाला. शॉटक्रीटने पाणी कोंडून ठेवण्याचा प्रयत्न करू नका. ते दुसरीकडून येईल, आणि येताना गेरू घेऊन येईल. एप्रिल-मेमध्ये कोरडा दिसलेला पट्टा 'ड्राय' म्हणून लॉगमध्ये लिहिला असेल तर पावसात पुन्हा जाऊन बघा. वरून पाणी मुरून खाली यायला कधी आठवडे लागतात. पाऊस थांबल्यावर गळती वाढलेली मी पाहिली आहे. कठीण दगडाचा नसला तरी गोव्यातला पेडण्याचा रेल्वे बोगदा आठवा: मऊ मातीतला तो बोगदा १९९८ पासून वापरात आहे, आणि तरी ऑगस्ट २०२० मध्ये त्याची भिंत कोसळली आणि जुलै २०२४ मध्ये पाणी घुसून गाड्या अडकल्या. दोन्ही वेळा महिना पावसाळ्याचाच.

आणि शेवटी पट्टा पायाखाली जातो

इथे सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि जिऑलॉजिस्ट रजेवर जातो. छत आता वरच्या थराच्या पोटात असतं, ठसे पुन्हा दिसू लागतात. पण इन्व्हर्टमध्ये गेरू, त्यावर ड्रिलिंगचं पाणी, आणि त्यावरून दिवसाला शंभर डंपर. दोन दिवसांत गुडघाभर लाल चिखल होतो, लिफ्टर (तळाच्या ओळीतली) होल्स बुजतात, ती साफ करायला हवेची नळी घेऊन माणसं वाकून उभी राहतात, आणि सायकल टाइम तासाने वाढतो. त्याचंही खापर ब्लास्टिंगवर फुटतं, कारण न साफ झालेल्या लिफ्टरमुळे तळ उंच राहतो.

पट्टा इन्व्हर्टच्या वर मीटरभर असतानाच बाजूच्या गटारीची पातळी खाली घ्या, पंप फेसच्या जवळ आणा. इन्व्हर्टला पोचला की गेरू अर्धा मीटर खरवडून काढा, मकमधला जाड दगड भरा आणि वर पातळ काँक्रीटचा थर द्या. लिफ्टरला प्लास्टिक पाइप घालून ठेवा, ड्रिल झाल्याझाल्या. काँक्रीटला क्लायंट नको म्हणेल, डंपरच्या टायरचा आणि वाया गेलेल्या तासांचा हिशेब मांडून दाखवा, हो म्हणतो.

छेदावरची रेघ तिथे थांबवू नका. त्याच कागदावर वरच्या थराचा माथा कुठे असेल ते डीपीआरच्या (प्रकल्प अहवालाच्या) बोअरहोलवरून आताच टिंबांनी काढून ठेवा, आणि बोल्टच्या भोकातल्या पाण्याच्या रंगाची नोंद पहिल्या पट्ट्यासाठी ठेवत होतात तशीच चालू ठेवा.